आमचा ऑगस्टचा आठवडा

गडचांदूर
१२ जून २०२२

सोमारी,
जय भीम.

नर्सिंगची शाळा सुटली तवा फोन नव्हता म्हणून आपण पत्रं लिहत होतो. आता फोन आहे, तं तुह्ये कान गेले. म्हणून पुन्हा पत्र. मले हे बरंच वाटते. फोनवर मी माह्यं रडगाणं सुरू केलं की समोरचा 'रेंज नाई' म्हणते अन् ठेवून देते. तुले पुरं वाचाच लागन.

याइची तब्येत तशीच आहे. खाणीतून रिटायर झाले, पण खाण छातीत घेऊन आले. जिना चढला की भिंतीले हात लावून उभे राह्यतात. विचारलं तं म्हणतात, "काही नाई, उभा राहून राह्यलो."

तुले मी एक गोष्ट कधी सांगतली नाई. आमच्या पोराचं, रोशनचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही एक चीज विकत घेतली. घर नाई, जमीन नाई. आठवडा घेतला. हसू नको. चंद्रपूरच्या एका हॉटेलात आम्हाले जोडप्यानं जेवाले बोलावलं होतं. जेवण फुकट. जेवण झाल्यावर टाय लावलेला एक पोट्टा आमच्या टेबलावर येऊन बसला. म्हणे, "काका, अख्खं हॉटेल घेणं मोठ्या लोकाइचं काम. तुम्ही त्यातला एक आठवडा घ्या. पंचवीस वर्षं दरसाल तो आठवडा तुमचा." हॉटेल म्हणजे 'हिरवी पालवी रिसॉर्ट', ताडोबाच्या गेटापाशी. आम्ही ऑगस्टचा आठवडा घेतला, कारण तो सगळ्यात स्वस्त होता.

मी म्हणलं, ताडोबा तं आमच्या अंगणात आहे, तिथी भर पावसात राहून काय करू? तं तो म्हणे, राहायची गरजच नाई मावशी. तुमचा आठवडा कंपनीच्या पेटीत टाका, अन् त्या पेटीतून दुसऱ्या कोणाचा आठवडा उचला. केरळचा, गोव्याचा, पाह्यजे तिथला. तुमच्या जागी तो इथी येईन, त्याच्या जागी तुम्ही तिथी जासान. अदलाबदल. मले ते लगित सोपं वाटलं. गावात नाई का, आपण तांदूळ देतो अन् डाळ घेतो.

मग त्यानं फोटो दाखवले. त्यात केरळातलं आलेप्पी नावाचं गाव होतं. पाण्यावर तरंगते लाकडाची घरं, आत पलंग, खिडकीतून हात काढला की पाणी. हे तो फोटो खाली ठेवतच नव्हते. सही करताना म्हणाले, "जिंदगीभर दगडाले छेद पाडले. आठ दिवस पाण्यावर झोपून पाहतो."

त्याले आता किती वर्षं झाली. आम्ही दरसाल देखभालीचे पैसे भरतो, आठवडा पेटीत टाकतो, अन् दरसाल फोन करतो. रिसॉर्टात रिना मॅडम म्हणून एक पोरगी आहे, दोन वर्षांपासून तीच फोन उचलते. "सर, सध्या उपलब्ध नाही. पुढच्या वेळी नक्की होईल." आवाज असा गोड की आपण काही मागतलं याचीच आपल्याले लाज वाटावी. मले तिच्या गोडपणाचाच राग येते. हे मात्र तिले "बरं बाई, ठीक आहे" म्हणतात अन् फोन ठेवून दिवसभर गप.

तुह्या भावाची चंचल कशी आहे? मी तिले तुह्या कडेवर पाह्यलं तेवढंच. हॉटेलात लागली म्हणली होती तू. पोरीचं चांगलं होऊ दे.

तुही,
अंजना


आलापल्ली
२७ जून २०२२

प्रिय अंजना,
जय सेवा.

तुझं पत्र मिळालं. मी ते दोनदा वाचलं. तू माझ्या मराठीला पुस्तकी म्हणून हसतेस, पण मी काय करू? घरी आम्ही गोंडी बोलतो आणि मराठी मला आश्रमशाळेच्या पुस्तकानेच दिली. तुझ्यासारखं लिहायला गेले तर खोटं वाटेल.

इकडे पाऊस लांबला आहे. भावाची भाताची रोवणी अडली आहे. मी रिटायर झाले तरी बाया अजून माझ्याच दारात येतात, कारण उपकेंद्र नदीच्या पलीकडे आहे. ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांना बोटाने दाखवायला सांगते. दुखतं कुठे हे तरी त्यामुळे नीट कळतं.

लहानूभाऊंच्या छातीचं लिहिलंस. त्यांना थंड पाणी देऊ नकोस. वाफ देत जा.

चंचल बरी आहे. नोकरीवर आहे. घरी कमी येते.

तू त्या रिसॉर्टातल्या मुलीचं नाव रिना लिहिलंस. आडनाव लिहिलं नाहीस. वयाने केवढी असेल? तू तिच्यावर फार रागावू नकोस. फोनवर बसलेल्या माणसाला काय बोलायचं ते दुसरं कोणी सांगत असतं. आपणही उपकेंद्रात बसून "औषध पुढच्या आठवड्यात येईल" असं किती जणांना सांगितलं आहे. ते औषध कधी येणार हे आपल्यालाही माहीत नसायचं.

तुझी,
सोमारी


गडचांदूर
९ ऑक्टोबर २०२२

सोमारी,

लवकर लिहणार होती, पण याइले मधात ताप आला. आता उतरला.

ऐक, आम्ही शेवटी तिथी जाऊन आलो. मी म्हणलं, फोनवर होत नाई तं तोंडावर विचारू. गाडी करून गेलो. ऑक्टोबर लागला तसं जंगल उघडलं, तं गेटावर जिप्सीच जिप्सी, पुण्या-मुंबईचे लोकं गळ्यात कॅमेरे घालून. रिसॉर्टाच्या फाटकावरच आम्हाले विचारलं, "बुकिंग आहे का?" हे म्हणाले, "आम्ही मालक आहोत." तो वॉचमन बिचारा चक्रावला. आत पाह्यलं तं पोहण्याच्या हौदात पाणी हिरवं झालेलं, भिंतीचे पोपडे निघालेले. याचे आपण मालक आहोत असं मनात आलं अन् मलेच हसू आलं.

काउंटरवर तीच होती. छातीवर पाटी, 'रिना'. सावळी, बारीक, पंचविशीची असन. मी सरळ सुरू केलं. "तूच का बाई ती, दरसाल पुढच्या वेळी म्हणणारी?"

ती उठून उभी राह्यली. "मावशी, बसा ना. काकाले पंख्याखाली बसू द्या."

"मले बसाचं नाई. मले सांग, आमचा आठवडा तुमच्या पेटीत आहे का नाई?"

"आहे मावशी."

"मग कोणाले देल्ला? आमच्या बदल्यात कोण आलं इथी ऑगस्टात?"

ती वळली. आत गेली अन् स्वतः चहा करून आणला, आलं टाकून. याइले वेगळा, कमी साखरेचा. याइले साखर चालत नाई हे हिले कोणी सांगतलं? पण माह्या डोक्यात राग, मले वाटलं लोणी लावून राह्यली. सारखी मावशी-मावशी करत होती. निघताना तं ती माह्या पायालाच हात लावाले वाकली. मी पाय मागे घेतला. म्हणलं, "हे नाटक मालकापाशी कर."

तिथीच वरोऱ्याच्या एक बाई भेटल्या, दीपाली मॅडम. वकील आहेत. त्याइनंही तसाच आठवडा घेतला होता, अन् त्याही भांडायलेच आल्या होत्या. त्या म्हणल्या, आपल्यासारखे लोकं लगित आहेत, सगळ्याइनं मिळून तक्रार करू. पहिले कंपनीच्या मोठ्या ऑफिसात, मग ग्राहक आयोगात. तक्रारीत कोण माणूस काय बोलला ते नावासकट लिहा, म्हणजे त्याइले पळता येत नाई.

मी लिहून राह्यली. रिनाचं नाव सगळ्यात वर टाकणार आहो.

अंजना


आलापल्ली
३० ऑक्टोबर २०२२

प्रिय अंजना,

तुझ्या आठवड्याचं काय झालं ते मी एका माहीतगार व्यक्तीला विचारलं. मला जसं समजलं तसं लिहिते.

त्या पेटीत सगळे आठवडे सारखे नसतात. कोणता मोसम, कोणती जागा, किती लोक मागतात, यावर प्रत्येक आठवड्याची किंमत ठरते. ऑगस्टात ताडोबाचा आतला भाग बंद असतो. वाघ बघायला मिळत नाही, म्हणून तो आठवडा कोणी मागत नाही. केरळचा हिवाळ्यातला आठवडा सगळेच मागतात. मग पेटीत पावसाळ्याचे आठवडे साचून राहतात आणि हिवाळ्याचे आत पडायच्या आधीच संपतात. तू तांदूळ-डाळीचं उदाहरण दिलंस. इथे सगळेच तांदूळ घेऊन आले आहेत. डाळ घेऊन आलेला माणूस थोडाच आहे, आणि त्यालाही तांदूळ नको आहे.

आणखी असं की, रिसॉर्टवाल्यांना ती पेटी चालवणाऱ्या वेगळ्या अदलाबदल कंपनीला दर वर्षी वर्गणी द्यावी लागते आणि जागा नीट ठेवावी लागते. हौदात पाणी हिरवं झालं, पाहुण्यांनी तक्रारी केल्या, की जागेची प्रत उतरते. तुमच्या मालकाने दोन वर्षांपासून वर्गणीच दिलेली नाही. त्यामुळे 'हिरवी पालवी'चं नाव यादीतून निघालं आहे. तुमचे आठवडे पेटीत आहेत, पण पेटीच बाहेर ठेवलेली आहे. कोणी उघडत नाही. तरी देखभालीचे पैसे घेणं सुरू आहे, कारण ते थांबवले तर सभासदांना कळेल. आणि जे चांगले आठवडे सभासदांचे असायला हवे होते, ते मालक बाहेरच्या पर्यटकांना विकतो.

हे सगळं मालकाला माहीत आहे. काउंटरवरच्या मुलीला हे बोलायची परवानगी नाही. तिलाही तीन महिन्यांचा पगार मिळालेला नाही असं ऐकते.

अंजना, माझं एक ऐक. तक्रार कर, जरूर कर. पण मालकाच्या नावाने कर. त्या मुलीचं नाव घालू नकोस.

तुझी,
सोमारी


गडचांदूर
१८ डिसेंबर २०२२

सोमारी,

तुह्यं पत्र आलं तवा तक्रार निघून गेली होती. तुह्यं मन मोठं आहे, सगळ्याइची दया येते तुले. मले नाई आली. मी लिहलं, या रिनानं आम्हाले दोन वर्षं खोटं सांगतलं. ते खरंच आहे ना?

मधात याइले चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. आता घरी मशीन आणली आहे, हवा देणारी. रात्रंदिवस घुरघुर. डॉक्टर म्हणते, लांबचा प्रवास सांभाळून. म्हणजे नाईच समज. तरी काल हे रोशनले फोनवर विचारत होते, मशीन रेल्वेत नेता येते का.

एक खबर आली. त्या पोरीले काढून टाकलं. दीपाली मॅडमचा फोन आला होता. रिसॉर्टाच्या कंपनीनं लिहून पाठवलं की चौकशी केली, एका कर्मचाऱ्यानं सभासदाइची दिशाभूल केल्याचं दिसून आलं, तिले कामावरून कमी केलं. मी म्हणलं, बरं झालं. एक तं गेली.

म्हणलं खरं. पण भाकरी टाकताना मले तिनं केलेला चहा आठवला.

तुले एवढं सगळं कोणी सांगतलं? मालकानं वर्गणी देल्ली नाई, पोरीचा पगार झाला नाई, हे तं दीपाली मॅडमलेही माहीत नव्हतं.

अंजना


आलापल्ली
८ जानेवारी २०२३

अंजना,

मला चंचलने सांगितलं.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी तिचं नाव रिना लिहिलं. घरी आम्ही चंचल म्हणतो. तुला ते कधी सांगायचा प्रसंग आला नाही. तुझं जूनचं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली, म्हणून मी आडनाव विचारलं. ती दिवाळीला घरी आली तेव्हा नक्की समजलं. त्याआधी मी तिला निरोप पाठवला होता, लहानू दुर्गे नावाचे सभासद आले तर ते माझ्या अंजनाचे यजमान आहेत, त्यांना साखर देऊ नकोस. ती तुझ्या पाया पडली ती नाटक म्हणून नाही.

मी तुला सांगायला हवं होतं. तिने सांगू दिलं नाही. म्हणाली, "आत्या, मावशीला कळलं तर ती तक्रार करणार नाही, आणि तक्रार तर व्हायलाच पाहिजे." मी मध्येच अडकले. तुला तिचं नाव घालू नकोस एवढंच लिहू शकले. पत्र उशिरा पोचलं, त्यात तुझा दोष नाही.

मी रागावलेली नाही. दमले आहे. ती घरी आहे. दिवसभर अंगणात बसते. हॉटेलात काम मागायला गेली की आधीच्या जागी विचारतात, आणि तिथून तिचं नाव खराब करून सांगतात.

लहानूभाऊंना जप.

सोमारी


गडचांदूर
२ मार्च २०२३

सोमारी,

दोन महिने मी लिहू शकली नाई. चार वेळा कागद काढला. काय लिहू? तुह्या कडेवरची पोट्टी माह्या पायाशी वाकली अन् मी पाय मागे घेतला. ते मले झोपू देत नाई. पण ते लिहून तुह्यं काय भरून येणार आहे?

आता लिहतो, कारण लिहल्याबिगर होत नाई.

परवा रिसॉर्टाचा मॅनेजर घरी आला. विक्की साहेब म्हणतात त्याले. मिठाईचा डबा घेऊन. याइच्या खाटेपाशी बसला, मशीनकडे पाह्यलं, हळहळला. मग म्हणे, "काका, तुमचं काम झालं. मेमधला आठवडा, आलेप्पी, हाऊसबोट. तिकिटंही आमच्याकडून. मशीन चालवाले बोटीत लाईट आहे, मी स्वतः विचारलं."

याइच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्या माणसाइतका द्वेष कोणाचा केला नाई.

मले तो बाहेर घेऊन आला अन् कागद काढला. त्यात लिहलं होतं की कर्मचारी रिना तलांडी इनं पैशाच्या लोभानं आमचा आठवडा परस्पर दुसऱ्याले देल्ला, कंपनीले काही माहीत नव्हतं, अन् आता आमची काहीच तक्रार नाई. म्हणे, "बाकीच्या सभासदाइनंही हेच लिहून देल्लं तं सगळ्याइचं भलं. तुमची तक्रार पहिली आहे, तुमच्या सहीचं वजन आहे."

मी म्हणलं, "हे खरं आहे का?"

तो म्हणे, "मावशी, तुम्हीच तं तिचं नाव लिहलं होतं."

त्यानं कागद ठेवला अन् गेला. महिनाभरानं येतो म्हणे. कागद मी आमच्या बुद्धाच्या फोटोमागं ठेवला. याइले मी रिना कोण ते सांगतलं नाई. हे सकाळपासून कपाटातली सुटकेस काढ म्हणून राह्यले.

डॉक्टरले विचारलं. तो म्हणे, न्यायचंच असन तं आताच, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाई.

मी काय करू हे तुले विचारणं बराबर नाई. तरी विचारतो. दुसऱ्या कोणाले विचारू?

अंजना


आलापल्ली
१९ मार्च २०२३

प्रिय अंजना,

सही कर.

मी आणि चंचल दोघींनी बसून विचार केला आहे. तिची नोकरी गेलीच आहे. तू सही केलीस म्हणून आणखी काय जाणार? ती सध्या माझ्याबरोबर मोहाची फुलं वेचायला येते. पहाटे उठते, टोपली भरते, दुपारी झोपते. हॉटेलात पुन्हा जायचं नाही म्हणते. मग त्या लायनीत तिचं नाव चांगलं राहिलं काय आणि वाईट राहिलं काय.

लहानूभाऊंचा श्वास मात्र परत मिळायचा नाही. मी नर्स आहे, तुला खोटं सांगणार नाही. त्यांना पाण्यावर झोपू दे. तुम्ही दोघं जाऊन या आणि आल्यावर मला सगळं लिही. मी समुद्रही पाहिलेला नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. मनापासून लिहिते. आपण दोघींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन बाळंतपणं केली. एकदा तरी तुझ्या घराला काही मिळू दे.

तुझी,
सोमारी


गडचांदूर
६ मे २०२३

सोमारी,

तुह्यं पत्र घेऊन मी याइच्या खाटेपाशी बसली अन् पुरं वाचून दाखवलं. पहिल्यापासून सांगतलं. रिना म्हणजे चंचल, चहा, तक्रार, कागद, सगळं.

याइनं मशीनची नळी बाजूले केली. मग म्हणाले, "जिनं मले साखर कमी टाकून चहा देल्ला तीच पोरगी का?"

"हो."

"सोमारी आपल्याले सही कर म्हणते?"

"हो."

"तं मग कशी करशील तू?"

एवढंच बोलले. सुटकेस मले परत वर ठेवाले लावली. त्या दिवशी जेवले नाई. मीही जेवली नाई. सोमारी, मी तुले असं नाई सांगणार की आम्ही मोठं काही केलं अन् छाती भरून आली. आम्हाले दोघाइलेही वाईट वाटलं. मले याइचा रागही आला, एकदा. मी म्हणलं, तुम्ही हो म्हणले असते तं मी केली असती. हे म्हणाले, "म्हणूनच नाई म्हणलो."

विक्की आला तं याइनंच कागद परत देल्ला. बोलाले दम पुरत नव्हता, तरी म्हणाले, "साहेब, बोट राहू द्या. त्या पोरीचा पगार देऊन टाका."

तो मिठाईचा रिकामा डबाही मागत होता का काय, असा उभा राह्यला. मग गेला.

दीपाली मॅडमनं आयोगात केस टाकली. मी नवीन लिहून देल्लं की माह्या पहिल्या तक्रारीत त्या पोरीचं नाव मी चुकीनं लिहलं, ती मालक सांगे तेच बोलत होती. मॅडम म्हणते, चंचलनं येऊन साक्ष देल्ली तं केस उभी राह्यते. वर्गणी भरली नाई, आठवडे बाहेर विकले, हे आतल्या माणसानंच सांगा लागते. तिले विचार. जबरदस्ती नाई. आली तं आमच्या घरीच राह्यन. रोशनची खोली रिकामीच आहे.

तुही,
अंजना


आलापल्ली
२१ मे २०२३

प्रिय अंजना,

तुझं पत्र चंचलने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मला ऐकू येत नाही हे विसरून. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती मध्येच थांबली आणि उठून विहिरीवर गेली.

संध्याकाळी परत येऊन म्हणाली, "आत्या, मी साक्ष देते."

इकडे तेंदूपत्त्याचं काम सुरू आहे. ते संपलं की ती येईल.

सोमारी


गडचांदूर
११ फेब्रुवारी २०२४

सोमारी,

निकाल लागला. आपल्या बाजूनं लागला. दीपाली मॅडमनं पेढे वाटले. मालकानं सगळ्याइचे पैसे परत करावे असं आहे. पण रिसॉर्टाले कुलूप लागलं आहे, कंपनी बंद केली म्हणतात, अन् त्याच भिंती रंगवून दुसऱ्या कोणाच्या नावानं नवीन पाटी लागून राह्यली. अदलाबदल कंपनीनं लिहून देल्लं की रिसॉर्टाचं नाव आमच्या यादीत नाई, आमचा संबंध नाई. मॅडम म्हणते, वसुलीसाठी पुन्हा अर्ज करू. करू म्हणलं. आता मले त्याचं काही वाटत नाई.

चंचल तीनदा येऊन गेली, तुले तिनं सांगतलंच असन. तारखेच्या दिवशी उभी राह्यली तं मले भीती वाटली होती, बोलते का नाई. बोलली. हळू, पण एकही शब्द मागं घेतला नाई. समोरचा वकील म्हणे, "म्हणजे तुम्ही सभासदांशी खोटं बोलत होत्या?" ती म्हणे, "हो. मले तेच काम होतं." चामोर्शीले पोरीइच्या वसतिगृहात तिचं काम लागलं हे लगित चांगलं झालं. पोरीले पोरीतच राहू दे.

आता जे लिहतो ते तिनं तुले सांगतलं नसन.

मागच्या खेपेला ती आली तवा हे खाटेवर टेकून बसले होते. आता उतरतच नाई. ती याइचे पाय चेपत होती. मी नको म्हणलं तरी. हे एकदम म्हणाले, "पोरी, खरं सांग. एवढ्या वर्षांत आमचा नंबर कधी लागला होता का?"

तिचे हात थांबले. मले वाटलं, आता काय सांगते ही.

ती म्हणे, "लागला होता काका. एकदा. आलेप्पीचाच. जानेवारीतला. तुमचं नाव आलं होतं स्क्रीनवर. साहेबानं तो बाहेरच्या पार्टीले देऊन टाकला अन् मले नाई म्हणून सांगाले लावलं."

हे तिच्याकडं पाहतच राह्यले. मग मान हलवली. "लागला होता म्हणजे," म्हणाले. "मी म्हणतच होतो."

मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेली. गॅस लावला अन् तिले विचारलं, "खरंच लागला होता?"

ती भांड्याकडं पाहत म्हणे, "नाई मावशी. कधीच नाई. ऑगस्टवाल्या कोणाचाच लागला नाई." मग म्हणे, "तिथी मी रोज दुसऱ्याच्या सांगण्यावरून खोटं बोलत होती. हे मी माह्या मनानं बोलली. तुम्ही रागवा मले पाह्यजे तं."

मी रागवली नाई. तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी जणी चहा उकळेपर्यंत तशाच उभ्या राह्यलो.

तवापासून याइनं ते सगळ्याइले सांगणं सुरू केलं आहे. रोशनले फोनवर सांगतलं. दूधवाल्याले सांगतलं. दम लागते, तरी मशीनची नळी बाजूले करून सांगतात, "आमचा नंबर लागला होता. जानेवारीचा. आम्ही काही रिकाम्या आशेवर नव्हतो." चेहरा असा होते जसा पोट्टा पास झाल्यावर होते. रात्री झोपही लागते.

तू रंगपंचमीनंतर येतो म्हणली आहे. ये. लवकर ये. याइले तुले भेटाचं आहे. तू बसशील तसे हे तुलेही तेच सांगतीन, मोठ्यानं, तुह्या कानाशी तोंड आणून. तुले ऐकू आलं नाई तरी त्याइच्या तोंडाकडं पाहजो, अन् पहिल्यांदाच कळल्यासारखं करजो.

तुही,
अंजना